पत्रादेवी ते दाबोळी: विषाणू गोव्यात कसकसा आला

२५ मार्च २०२०. गोव्यात कोरोनाचे पहिले तीन रुग्ण सापडले, तिघेही परदेशातून आलेले. रुग्णांची संख्या सातवर गेली आणि एप्रिलमध्ये सातही जण बरे झाले. राज्य हरित क्षेत्र, म्हणजे रुग्ण नसलेलं, ठरलं. आपण सुटलो, असं अनेकांना मनापासून वाटलं.

मे महिन्यात वाहतूक सुरू झाली आणि जूनच्या आरंभी वास्कोच्या मांगोर हिलवर पहिला कंटेन्मेंट झोन जाहीर झाला. आता विषाणू भिंतीला भिंत लागलेल्या घरांतून फिरत होता. पाहता पाहता तो सत्तरीतल्या मोर्लेपर्यंत पोचला. राज्यातला पहिला मृत्यू २२ जूनला नोंदला गेला, तो मोर्लेच्या एका वृद्धाचा.

(दृश्य: नकाशा. सीमेवरचे नाके एकेक करून ठळक होतात.)

विषाणू स्वतःच्या प्रती काढताना चुकतो. बहुतेक चुका वाया जातात. एखादी मात्र त्याला पेशीत सहज शिरू देते किंवा आधीच्या प्रतिकारशक्तीला चकवू देते, आणि तो नवा प्रकार जुन्याला मागे टाकतो. तो आधी कुठे पोचणार, हे मात्र माणसांच्या ये-जा करण्यावर ठरतं. म्हणूनच २०२१च्या सुरुवातीला पंजाबात अल्फा हा प्रकार जास्त दिसत होता, तर महाराष्ट्रात पुढे ज्याला डेल्टा म्हटलं गेलं त्याचं कूळ वाढत होतं.

आणि महाराष्ट्र आपल्याला किती जवळ! पत्रादेवी आणि दोडामार्गच्या नाक्यांवरून सिंधुदुर्गातली तरुण मुलं रोज गोव्यात कामाला येतात. चोर्ला घाट उतरून बेळगावची भाजी येते. बांदा, सावंतवाडीचा अत्यवस्थ रुग्ण बांबोळीच्या गोमेकॉतच, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळातच आणला जातो. ही सीमा पोटासाठी आणि जिवासाठी ओलांडली जाते. ती पूर्ण बंद करा म्हणणं सोपं, पण त्याने घरं उपाशी राहतात.

मे २०२१मध्ये तपासलेल्या दर दोन नमुन्यांपैकी जवळपास एक बाधित निघत होता. प्राणवायूच्या तुटवड्याचा प्रश्न उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठासमोर गेला. बाहेरून येणाऱ्यांना निगेटिव्ह अहवाल सक्तीचा करण्याचा आदेशही न्यायालयालाच द्यावा लागला, आणि तोवर लाट शिखरावर होती. विषाणूचा प्रकार ओळखायला नमुने पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेत जात. नाक्यावरची तपासणी फक्त बाधित की नाही एवढंच सांगे. कोणत्या प्रकाराने, हे कळायला वेळ लागे.

पुढचा प्रकार ओमायक्रॉन. त्याची वाट पुन्हा आकाशातून, दाबोळी विमानतळावरून. ब्रिटनहून १७ डिसेंबर २०२१ला आलेल्या लहान मुलाला ओमायक्रॉन असल्याचं २७ तारखेला जाहीर झालं. मधल्या दहा दिवसांत नाताळ येऊन गेला होता, किनारे पर्यटकांनी भरले होते. जानेवारीच्या सुरुवातीला मुंबईहून मुरगाव बंदरात आलेल्या एका पर्यटक जहाजावर ६६ जण बाधित निघाले. रुग्ण झपाट्याने वाढले. मृत्यू डेल्टाच्या मानाने कमी राहिले, त्यात लसीकरणाचा मोठा वाटा होता.

२०११च्या जनगणनेनुसार गोव्याची लोकसंख्या साडेचौदा लाख, आणि २०१९मध्ये पर्यटक आले ऐंशी लाखांच्या घरात. अशा राज्यात नमुन्यातला विषाणू कोणत्या प्रकारचा, याचं उत्तर आठवड्याभरात इथेच मिळालं पाहिजे. आणि दोडामार्गचा रुग्ण बांबोळीत बाधित आढळला, तर ती खबर त्याच दिवशी सिंधुदुर्गाच्या जिल्हा मुख्यालयात, ओरोसलाही पोचली पाहिजे, कारवार-बेळगावलाही.