नाव, गाव, फळ, फूल

(मिरजेतल्या एका वाचनालयात शिक्षकांपुढे दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)

अध्यक्ष महाराज आणि रविवारची दुपारची झोप मोडून आलेल्या शिक्षक मित्रमैत्रिणींनो,

पत्रिकेवर माझा विषय ‘परदेशातील आंतरराष्ट्रीय शाळेत नोकरी : निवड व स्थलांतर’ असा भारदस्त छापलाय. मी कळवलं होतं ‘नाव, गाव, फळ, फूल’. संयोजकांना वाटलं, बाई चेष्टा करतायत. पण लहानपणी पावसात अडकलो की वहीच्या मागच्या पानावर चार रकाने आखून आपण सगळेच हा खेळ खेळलोय. ‘क’ आलं की कमल, कराड, कलिंगड, कण्हेर. परदेशी नोकरी शोधणाऱ्या शिक्षकाची वहीसुद्धा याच चार रकान्यांची असते. नाव म्हणजे तुमचं, कागदावरचं. गाव म्हणजे देश आणि शाळा. फळ म्हणजे पगार. फूल कशाचं ते शेवटी सांगते. मला पाऊण तास दिलाय. केमिस्ट्रीची बाई आहे, माप चुकणार नाही.

तर पहिला रकाना. माझ्याकडे पाहून तुम्हाला वाटेल, बाई दहा वर्षं बाहेर शिकवून आल्या, सहा दुबईत, चार थायलंडमध्ये, म्हणजे इंग्रजी फर्डं असणार, मुलाखती गाजवल्या असणार. मुलाखत पंचवीस मिनिटांत आटोपली होती. मी म्हणजे मीच आहे हे सिद्ध करायला सात महिने लागले.

2011 साली दुबईच्या एका शाळेचं पत्र आलं. ऑगस्टमध्ये रुजू व्हा, त्याआधी पदवीचं अटेस्टेशन, म्हणजे कागद खरा असल्याचे सरकारी शिक्के, करून पाठवा. मी ऐटीत बी.एस्सी., एम.एस्सी., बी.एड.च्या गुणपत्रिका काढल्या. एजंट म्हणाला, मॅडम, हे नाही, पदवी प्रमाणपत्र. ते माझ्याकडे नव्हतंच! आपल्याकडे पदवी प्रमाणपत्रासाठी वेगळा अर्ज करायचा, वेगळी फी भरायची, समारंभाला जायचं. 1998 साली माझ्या वडिलांनी विचारलं होतं, मार्कलिस्ट आहे ना, मग त्या कागदाला पैसे कशाला? वडील बरोबर होते, तेरा वर्षं कुणी विचारलं नाही.

प्रमाणपत्रं आली. आता बघा. पदवीवर नाव होतं शैलजा, पुढे वडिलांचं नाव, पुढे माहेरचं आडनाव. वडिलांचं नाव शाळेच्या दाखल्यावर ‘बापूसाहेब’, पदवीवर ‘बापूसो’. आपल्याला कळतं की दोन्ही एकच. दिल्लीत कसं कळणार, त्यापुढच्या देशात तर सोडाच. आणि पासपोर्टवर मी मानसी, पुढे नवऱ्याचं नाव विनायक, पुढे सासरचं आडनाव. लग्नात ताटात तांदूळ पसरून त्यात अंगठीने नवं नाव लिहिलेलं सगळ्यांनी टाळ्या वाजवून पाहिलं. फोटोग्राफरने फोटो काढला. दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी त्या तांदळाची खीर केली. त्या खिरीची किंमत मला अकरा वर्षांनी कळली. पदवीवरच्या बाईचा आणि पासपोर्टवरच्या बाईचा एकही शब्द जुळत नव्हता. पहिलं नाव वेगळं, मधलं वेगळं, आडनाव वेगळं. जन्मतारीख तेवढी एक, आणि पदवीवर जन्मतारीख नसते. (हशा)

मग विवाह नोंदणीचा दाखला, जो आम्ही काढलाच नव्हता. मग प्रतिज्ञापत्र. मग राजपत्र. कॉलेजात असताना मासिकात नाव छापून यावं अशी फार हौस होती. ती महाराष्ट्र शासनाच्या राजपत्राने भागवली, जुनं नाव डावीकडे, नवं उजवीकडे. विनायकने त्याच्या चार झेरॉक्स काढून एक नातेवाइकांना वाचून दाखवली. तो मागच्या रांगेत बसलाय, बघा कसा खाली मान घालून हसतोय.

त्यानंतर अटेस्टेशनची वारी. आधी राज्याचा शिक्का, मग दिल्लीच्या परराष्ट्र खात्याचा, मग त्या देशाच्या वकिलातीचा, आणि तिथे पोचल्यावर तिथल्या परराष्ट्र खात्याचा. तीन पदव्या, चौथा विवाहाचा दाखला. प्रत्येक कागदाच्या पाठीमागे इतके स्टिकर बसले की विद्यापीठाचा कागद वरती फक्त नावाला उरला. ओमानला गेलात तर हे थोडं सोपं, तो देश अपोस्टिल करारात आहे, म्हणजे एकमेकांचे कागद मान्य करण्याच्या आंतरराष्ट्रीय करारात. राज्याच्या शिक्क्यानंतर आपल्या परराष्ट्र खात्याचा एक अपोस्टिल पुरतो, वकिलातीची पायरी वाचते. आपण 2005 मध्ये त्यात आलो, चीन 2023 च्या नोव्हेंबरमध्ये. त्या वेळी अमिरातीला हे चालत नव्हतं. तुम्ही जाल तेव्हा त्या देशाचं काय चाललंय ते आधी बघा, एजंटच्या शब्दावर विसंबू नका.

पण खरी गंमत दुबईत. नवऱ्याला माझ्या व्हिसावर आणायचं होतं. तेव्हा बाईने कुटुंबाला आपल्या व्हिसावर आणायचं तर ती शिक्षिका, डॉक्टर, इंजिनिअर अशा ठरावीक पेशातली असावी लागे. 2019 मध्ये पेशाची ती अट गेली. मी शिक्षिका, मला वाटलं आपलं काम फत्ते. खिडकीपलीकडच्या तरुणाने पासपोर्ट पाहिला, अर्ज पाहिला आणि फार अदबीने म्हणाला, मॅडम, हा नवऱ्याचा अर्ज आहे, वडिलांसाठी वेगळा फॉर्म लागतो.

मी म्हटलं, हे वडील नाहीत.

तो म्हणाला, तुमच्या नावातलं दुसरं नाव विनायक आहे. अर्जदार विनायक.

अरबी नावात आधी स्वतःचं नाव, मग वडिलांचं, मग आजोबांचं. दुसरं नाव वडिलांचंच असतं, यात शंका घ्यायला जागाच नाही. त्याच्या दृष्टीने मी माझ्या वडिलांना नवरा म्हणून आणत होते. मी समजावलं, आमच्याकडे लग्नानंतर वडिलांचं नाव जाऊन तिथे नवऱ्याचं येतं. तो विचारात पडला. म्हणाला, मग तुमचे वडील गेले कुठे? मी म्हटलं, सांगलीला. (हशा) पासपोर्टच्या शेवटच्या पानावर वडिलांचं नाव वेगळं असतं ते दाखवलं, तिथे होतं ‘बापूसाहेब’. विवाहाच्या दाखल्यात होतं ‘बापूसो’. त्याने दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले. मला रडू आलं नाही, भूक लागली.

एक मात्र मनाला लागलं. त्या खिडकीमागे एक बुरख्यातली बाई काम करत होती. तिने शांतपणे विचारलं, पण तुम्ही नाव बदलताच का? तिचं नाव जन्मापासून मरेपर्यंत एकच. लग्न होवो, मोडो, नावाला धक्का नाही. आपण इथे बसून त्यांच्यावर काय काय बोलतो. मुलींनो, लग्नानंतर नाव बदलण्याची सक्ती आपल्या कुठल्याही कायद्यात नाही. खीर खा, तांदळात हवं ते लिहू द्या, पण पासपोर्टवर पदवीवरचं नाव ठेवा. हे मी स्त्रीवादी म्हणून सांगत नाही, सात महिने रांगेत उभी राहिलेली बाई म्हणून सांगते. पुरुषांनी हसू नये. तुमच्यापैकी कितीजणांच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी आणि आईचं नाव शेवटी आहे? तिकडे त्या शेवटच्या नावाला आडनाव समजतात. माझे एक सहकारी तीन वर्षं पगारपत्रकात ‘मिस्टर सुशीला’ होते.

आता तर 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर स्वतःचं नाव, आईचं, वडिलांचं, मग आडनाव असं आहे. मला आनंदच आहे. फक्त पासपोर्टला चौकटी दोनच. तिथे हे चार शब्द कसे मावतात ते 2046 च्या सुमारास शिक्षक होणाऱ्या पोरांनी बघावं.

चिठ्ठी आली. ‘दहा मिनिटे.’ सर, आत्ता तर सुरुवात केली! बरं. आधी पाणी पिते.

गाव. देश निवडताना आपण नकाशा बघतो, शाळा निवडताना तिची वेबसाइट. वेबसाइटवर सगळीकडे तोच पोहण्याचा तलाव असतो. दुबईत 2008 पासून 2023-24 पर्यंत खासगी शाळांची सरकारी तपासणी होत असे आणि तिचे अहवाल सर्वांना वाचायला खुले आहेत. शाळेला मिळालेल्या शेऱ्याशी तेव्हा फीवाढ जोडलेली असे, म्हणून तपासणीच्या आठवड्यात मुख्याध्यापकांचा चेहरा पाहण्यासारखा असायचा. पण तुम्ही शेरा वाचू नका. पहिल्या पानांवर शाळेच्या माहितीचा तक्ता असतो, त्यात शिक्षक सोडून जाण्याचं प्रमाण आणि शिक्षकांत सर्वांत मोठा गट कुठल्या देशाचा, या दोन ओळी बघा. दरवर्षी तिघांतला एक जात असेल तर तुम्ही त्याच्याच खुर्चीवर बसायला निघालाय. जिथे असा अहवाल नसतो तिथे मुलाखतीत सरळ विचारा, माझ्या आधीचे कुठे गेले? मी थायलंडला जाताना हे विचारलं. हवा मात्र विचारली नाही. चियांग माईच्या शाळेने नोव्हेंबरात व्हिडिओवर मुलाखत घेतली, बाईंच्या मागे खिडकीत हिरवागार डोई सुथेप डोंगर. मी भाळले. मार्चमध्ये तो डोंगर नाहीसा झाला. आपल्याकडे उसाचं पाचट पेटवतात, तसं तिथे शेतं आणि जंगल पेटतं, फेब्रुवारी ते एप्रिल. मुलं वर्गात हवा शुद्ध करणाऱ्या यंत्राशेजारची जागा पकडायला धावायची. मला दमा आहे हे मला तिथे कळलं. शाळेचा दोष नाही, मी कॅलेंडर विचारलं नाही. आणि हो, तिथे दर 90 दिवसांनी आपण कुठे राहतो ते इमिग्रेशनला कळवायचं असतं. विसरलात तर दंड.

अनुभव. इथे आधी आयबी (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट) किंवा केंब्रिज या आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रमांच्या शाळेत दोन वर्षं काढा. आयबी आपल्याकडे 1976 मध्ये कोडाईकनालला आलं, 1997 मध्ये आपल्या मुळशीला. आता पुण्यात अशा शाळांची कमी नाही. बी.एड. नसेल तर करा. भरती ऑक्टोबर ते फेब्रुवारीत होते, ऑगस्टच्या नोकरीसाठी. आपल्याकडे मेमध्ये निकाल लावून मग जाहिराती चाळणारे उरलंसुरलं वेचतात.

फळ. आकडा ऐकून हुरळू नका, त्यातला मूळ पगार किती ते विचारा. अमिरातीत नोकरी सोडताना ग्रॅच्युइटी मिळते, पहिल्या पाच वर्षांत वर्षाला 21 दिवसांचा मूळ पगार, पुढे 30 दिवसांचा. दोघींना 10,000 दिरहम पगार. एकीचा मूळ 6,000, दुसरीचा 4,000, बाकी भत्ते. पाच वर्षांनी पहिलीला 21,000 मिळतात, दुसरीला 14,000. सात हजारांचा फरक, आणि सही करताना दोघींनी एकमेकींना पेढे दिले होते! मी दुसरी. घर देतात की घरभाडं, मुलाची फी पूर्ण की निम्मी, किती मुलांची, वर्षाचं विमानाचं तिकीट कुणाकुणाला, हे सगळं करारात लिहून घ्या. तोंडी ‘वी विल टेक केअर’ला अर्थ नाही. आणि एकाच प्रयोगशाळेत एकाच वर्गाला शिकवणाऱ्या दोघांना पासपोर्टचा रंग बघून वेगळा पगार, हे मी पाहिलंय. त्यावर मला अर्धा तास बोलायचं होतं. पुढच्या वर्षी बोलवा.

सर घड्याळ दाखवतायत. फूल. एप्रिलचं फूल! शिक्षकाकडून पैसे घेऊन नोकरी देणारी शाळा ही शाळा नसते. आपल्या सरकारच्या नियमाप्रमाणे नोंदणीकृत एजंटसुद्धा तीस हजार आणि वर जीएसटी यापेक्षा जास्त सेवाशुल्क घेऊ शकत नाही. ‘आधी व्हिजिट व्हिसावर या, मग बदलून देतो’ म्हणाला की फोन ठेवा. शाळा तुमच्या सध्याच्या मुख्याध्यापकांचं शिफारसपत्र मागेल, जिथे जिथे राहिलात त्या प्रत्येक देशाचा पोलीस दाखला मागेल. मुलांच्या सुरक्षिततेसाठी आहे ते, चिडू नका. पण मुख्याध्यापकांना स्वतः आधी सांगा. दुबईहून फोन आल्यावर त्यांना कळलं तर यंदाची वेतनवाढ गेलीच समजा.

बस्स, थांबते. थांबायच्या आधी एकच. आपलं पदवी प्रमाणपत्र अजून विद्यापीठातून आणलेलंच नाही असे किती आहेत? हात वर करा. खोटं बोलू नका, मी परीक्षा घेतलेल्या आहेत.

अरे देवा. निम्मा हॉल. अध्यक्ष महाराज, तुम्हीसुद्धा?