दोन डझन आणि डझनावारी

श्रोतेहो, नमस्कार. देवगडच्या बाजूला आंब्याचा हंगाम सुरू झाला की आमच्या शेजारच्या पडवीत पेंढा येऊन पडतो, रिकाम्या पेट्या रचल्या जातात आणि घरातली सगळी माणसं आंबे निवडायला बसतात. घरधनी मोजायला लागले की पहिल्या खेपेला एक म्हणत नाहीत, ‘लाभ’ म्हणतात. दोन्ही हातांत मिळून चार आंबे, लाभ. मग दोन, मग तीन. तीन खेपांत बारा आंबे पेटीत, म्हणजे एक डझन.

त्यांची लेक दहावीत आहे. परदेशातल्या गिऱ्हाइकाला इंग्रजीत निरोप पाठवायचं काम तिच्याकडे. परवा तिनं मोबाइल माझ्यापुढे धरला. लिहिलं होतं, ‘वुई हॅव सिक्स डझन्स मँगोज.’ मी म्हटलं, बाय, तो शेवटचा ‘स’ काढ. ती गोंधळली. एकापेक्षा जास्त असलं की ‘एस’ लावायचा, हे शाळेत पक्कं झालेलं. मी गेली कित्येक वर्षं इंग्रजी शिकवतोय, आणि वह्यांमध्ये ही चूक मला सारखी भेटते. मुलांचा त्यात दोष नाही. नियम त्यांनी नीट पाळलेला असतो, फक्त तो इथे लागू नसतो.

गंमत अशी की बरोबर उत्तर आपल्या मराठीतच बसलेलं आहे. आपण दोन हजार रुपये म्हणतो, दोन हजारो रुपये म्हणत नाही. पण आकडा ठाऊक नसला, नुसतं ‘पुष्कळ’ सांगायचं असलं, की हजाराचं हजारो होतं, शंभराचं शेकडो, लाखाचं लाखो. इंग्रजीही नेमकं हेच करते. पुढे आकडा असेल तर शब्द जसाच्या तसा: टू डझन मँगोज, फाइव्ह हंड्रेड रुपीज. आकडा नसेल तर मागे ‘स’ आणि ‘ऑफ’ दोन्ही येतात. वादळी वाऱ्यानं रात्रीत डझनावारी आंबे पडले, हे सांगायचं तर ‘डझन्स ऑफ मँगोज’. जिथे मराठीत ‘ओ’ किंवा ‘वारी’ येईल, तिथे इंग्रजीत तो ‘स’ घालावा. इतकी सोपी खूण आहे ही, आणि ती पोरांना कुणी सांगत नाही याचं मला फार वाईट वाटतं.

एक अपवाद सांगतो. ‘यातले दोन डझन द्या’ म्हणताना, म्हणजे समोरच्या ढिगातले, तेव्हा आकडा असूनही ‘ऑफ’ येतो: टू डझन ऑफ दीज मँगोज. ‘स’ मात्र तेव्हाही नाही. एक डझनाला ‘अ डझन’, अर्ध्याला ‘हाफ अ डझन’.

हा शब्द आपल्याला परका वाटतो, पण तसा तो नाही. इंग्रजीत तो फ्रेंचमधून आला आणि त्याचं मूळ लॅटिन ‘दुओदेकिम’, म्हणजे दोन आणि दहा. आपल्या ‘द्वादश’चा हा सख्खा भाऊ, आणि द्वादशाचंच पुढे ‘बारा’ झालं. मोजायलाही बारा फार सोयीचे. दोघांत, तिघांत, चौघांत, सहांत वाटले तरी आंबा कापावा लागत नाही. दहा आंबे तिघांत वाटून बघा. माझी आजी अंगठ्यानं बोटांची पेरं मोजायची. चार बोटं, प्रत्येकाला तीन पेरं. एक हात पुरा झाला की डझन. असे बारा डझन झाले की एक ग्रोस, १४४. बटणांचा, पेन्सिलींचा घाऊक माल अजून त्या हिशेबात मिळतो.

तर त्या मुलीला मी हजार आणि हजारो एवढंच सांगितलं. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि मग आपल्या मालवणीत म्हणाली, “म्हणजे पेटी पाच डझनाची, तशीच ती इंग्रजीतय पाच डझनच?” मी म्हटलं, तशीच.

तिनं ‘स’ खोडला, निरोप पाठवला. तोवर वडिलांनी नवी पेटी ओढली होती. पेंढ्याचा थर घालून त्यांनी पहिले चार आंबे उचलले आणि म्हणाले, “लाभ.”