गल्ल्यापासून दूर बसलेला मालक

सप्टेंबर २०१८ मध्ये लंडनच्या ‘संडे टाइम्स’मध्ये ल्यूक जॉन्सन या ब्रिटिश उद्योजकाचा नेहमीचा स्तंभ छापून आला. विषय होता, धंद्यात नव्याने पडलेल्यांनी ओळखून ठेवाव्यात अशा जुन्या, मुरलेल्या लबाड्या. त्यानंतर काही आठवड्यांतच, १० ऑक्टोबरला, पॅटिसरी व्हॅलेरी या केकच्या दुकानांच्या कंपनीचे शेअर-व्यवहार थांबले. कारण, हिशेबात गंभीर घोटाळा असल्याचा संशय. या कंपनीचे अध्यक्ष खुद्द जॉन्सन, आणि सुमारे ३७ टक्के शेअरही त्यांचेच. एखाद्या कथालेखकाने असा योग जुळवला असता तर आपण त्याला ‘अहो, जरा आवरा’ म्हटलं असतं.

मंडळी, इंग्लंडात या गृहस्थांवर वाद पुष्कळ झाले. ब्रेक्झिटच्या बाजूने बोलले म्हणून झाले, करोनातल्या टाळेबंदीच्या विरोधात बोलले म्हणून झाले. पण माझा जन्म दुसऱ्यांच्या वह्या तपासण्यात गेला. मला त्यांच्या मतांपेक्षा त्यांच्या कंपनीच्या कीर्द-खतावणीत जास्त रस आहे. आज त्याविषयीच बोलेन.

जॉन्सन यांचा जन्म १९६२ चा. वडील पॉल जॉन्सन, नामवंत पत्रकार आणि इतिहासकार. डाव्या विचारांच्या ‘न्यू स्टेट्समन’चे ते संपादक होते आणि पुढे थॅचरबाईंचे चाहते झाले. मुलगा ऑक्सफर्डला वैद्यकीच्या वाटेने गेला, पण तिथे ह्यू ऑस्मंड नावाच्या मित्राबरोबर नाइटक्लब चालवण्यातच रमला. मग काही काळ जाहिरात संस्था, नंतर शेअर दलालांकडे माध्यम कंपन्यांचा विश्लेषक. म्हणजे हा माणूस मुदपाकखान्यातून वर आलेला नाही. तो आकड्यांच्या बाजूने हॉटेलात शिरला. पुढचं सगळं समजून घ्यायला एवढं ध्यानात ठेवा.

पिझ्झाएक्सप्रेसचं पहिलं दुकान पीटर बॉइझो यांनी १९६५ मध्ये लंडनच्या सोहो भागात, वॉर्डर स्ट्रीटवर काढलं. भट्टी थेट नेपल्सहून आणली होती. माणूस हौशी, जॅझ संगीताचा वेडा. १९९३ मध्ये जॉन्सन आणि ऑस्मंड यांनी हा धंदा शेअर बाजारात आणला, आणि तोही मागच्या दाराने. स्टार कॉम्प्युटर्स नावाची एक कंपनी आधीच बाजारात नोंदलेली होती. तिच्या पोटात पिझ्झाएक्सप्रेस घातली आणि नाव बदललं. नव्याने नोंदणी करण्याचा खर्च आणि वेळ वाचला. यात बेकायदा काही नाही, आपल्याकडेही असे प्रकार होतात. कंपनीच्या मालकीची दुकानं तेव्हा १२ होती. ती २५० च्या वर गेली आणि शेअर ४० पेन्सवरून ९०० पेन्सच्या पलीकडे पोचला. जॉन्सन यांनी आपला हिस्सा १९९९ मध्ये विकला.

इथे थोडं थांबू या. हॉटेलवाल्याचा नफा गल्ल्यात रोज जमतो. भांडवलवाल्याचा नफा एकाच दिवशी होतो, विक्रीच्या दिवशी. त्यामुळे तो सतत एकच हिशेब मांडत असतो: या एका दुकानाची शंभर दुकानं होतील का, आणि झाली तर ती कोण विकत घेईल? पिझ्झा याला उत्तम, कारण पीठ स्वस्त, कृती ठरलेली आणि आचारी बदलला तरी चव फारशी हलत नाही. जॉन्सन यांची नजर अशा वस्तूंवर अचूक पडायची, हे त्यांच्या टीकाकारांनाही मान्य करावं लागेल. स्ट्राडा ही इटालियन हॉटेलांची साखळी त्यांनी उभी केली आणि विकली. ‘द आयव्ही’ आणि ‘ल काप्रीस’ ही लंडनच्या नटनट्यांची आणि पुढाऱ्यांची हॉटेलं त्यांच्या समूहाकडे होती, तीही २००५ मध्ये विकली. जिराफ नावाची हॉटेलांची साखळी २०१३ मध्ये टेस्को या सुपरमार्केट कंपनीने ४ कोटी ८६ लाख पौंडांना घेतली, तिच्यात जॉन्सन यांच्या रिस्क कॅपिटल पार्टनर्स या गुंतवणूक संस्थेचा पैसा होता. डाव चुकलेही. बॉर्डर्स या पुस्तकांच्या दुकानांचा ब्रिटिश धंदा त्यांनी २००७ मध्ये घेतला आणि दोनच वर्षांत सोडून दिला. त्याच वर्षाअखेर ती दुकानं बंद पडली.

मधल्या एका प्रसंगाशी आपलाही संबंध आहे. २००४ ते २०१० या काळात जॉन्सन चॅनल फोर या ब्रिटिश टीव्ही वाहिनीचे अध्यक्ष होते. जानेवारी २००७ मधलं तिथलं ‘सेलिब्रिटी बिग ब्रदर’ आठवत असेल. शिल्पा शेट्टीला घरातल्या सहस्पर्धकांनी दिलेली वागणूक, ४० हजारांहून अधिक तक्रारी, इकडे भारतात जाळलेले पुतळे. त्या गदारोळात बीबीसी रेडिओवर जॉन्सन यांना थेट विचारलं गेलं की, हा वंशद्वेष आहे की नाही. त्यांनी सरळ उत्तर दिलंच नाही. पुढे ऑफकॉम या नियामकाने वाहिनीला दोषी धरून माफी प्रसारित करायला लावली. कार्यक्रम अध्यक्ष बनवत नाही, हे खरं. पण ‘दैनंदिन कारभार माझा नाही’ ही ढाल अध्यक्षाच्या हाती कायम असते, आणि अकरा वर्षांनी तीच ढाल पुन्हा बाहेर निघाली, म्हणून हा प्रसंग सांगितला.

आता व्हॅलेरी. बेल्जियमहून आलेल्या मादाम व्हॅलेरी यांनी १९२६ मध्ये सोहोतच, फ्रिथ स्ट्रीटवर दुकान थाटलं. दुसऱ्या महायुद्धात बॉम्बने ते उडालं, मग ओल्ड कॉम्पटन स्ट्रीटवर आलं. १९८७ मध्ये स्काल्झो कुटुंबाने ते घेतलं आणि हळूहळू वाढवलं. २००६ मध्ये जॉन्सन यांनी बहुसंख्य हिस्सा घेतला तेव्हा दुकानं होती ८. मे २०१४ मध्ये कंपनी लंडनच्या एआयएम बाजारात आली, १७० पेन्सला शेअर. एआयएम म्हणजे छोट्या कंपन्यांसाठीचा, नियम थोडे सैल असलेला बाजार. २०१८ पर्यंत दुकानं २०० च्या घरात गेली आणि कंपनीची किंमत ४५ कोटी पौंडांच्या आसपास.

सप्टेंबर २०१७ ला संपलेल्या वर्षाचे आकडे बघा. विक्री ११ कोटी ४२ लाख पौंड, करपूर्व नफा २ कोटी २ लाख. म्हणजे शंभराच्या विक्रीमागे जवळजवळ अठरा. भाड्याची दुकानं, लोणी-साखरेचे भाव, रात्री उरलेले केक, कामगारांचा पगार हे सगळं भागवून अठरा! माझ्यासमोर असा ताळेबंद आला असता तर मी आधी चहा मागवला असता आणि मग बँकेची पासबुकं.

कारण पुढे जे निघालं ते असं. मार्च २०१८ अखेर कंपनीने बँकेत २ कोटी ८८ लाख पौंड रोख दाखवले होते. ऑक्टोबरात कळलं की रोख राहिली बाजूला, डोक्यावर ९८ लाखांचं निव्वळ कर्ज आहे. दोन बँकांचे मिळून जवळजवळ एक कोटीचे ओव्हरड्राफ्ट, ज्यांचा संचालक मंडळाला पत्ताच नव्हता असं कंपनीने सांगितलं. सप्टेंबरात कर खात्याने ११ लाख ४० हजारांच्या थकबाकीसाठी कंपनीच्या मुख्य उपकंपनीविरुद्ध ती गुंडाळण्याचा अर्ज कोर्टात टाकला होता. ही बातमीसुद्धा मंडळाला उशिरा कळली. पावणेतीन कोटींहून जास्त रोकड असलेली कंपनी साडेअकरा लाखांचा कर थकवते, याचा अर्थ लावायला सनदी लेखापाल लागत नाही. किराणा दुकानात पोऱ्याने ‘शेठ, सुटे नाहीत’ म्हटलं की शेठ आधी गल्ला उघडून बघतो.

इथे न्यायाने बोललं पाहिजे. जॉन्सन यांनी स्वतःच्या खिशातून २ कोटी पौंडांचं कर्ज कंपनीत घातलं. ५० पेन्सला नवे शेअर काढून दीड कोटी उभे केले. व्यवहार थांबले तेव्हा भाव ४२९ पेन्स होता, त्यावरून पडझडीचा अंदाज घ्या. पण जानेवारी २०१९ मध्ये खतावणीत हजारो खोट्या नोंदी असल्याचं जाहीर झालं. बँका मागे हटल्या आणि २२ जानेवारीला कंपनी प्रशासकांच्या, म्हणजे बुडत्या कंपनीचा कारभार हाती घेणाऱ्यांच्या, ताब्यात गेली. ७० च्या आसपास दुकानं लगेच बंद, सुमारे ९०० जणांची नोकरी गेली. उरलेल्यांचा जानेवारीचा पगार व्हावा म्हणून जॉन्सन यांनी आणखी ३० लाख दिले. ५० पेन्सला ज्यांनी भरवशाने शेअर घेतले त्यांचेही पैसे बुडाले. आधी चार कोटींचा म्हटलेला हिशेबातला खड्डा प्रशासकांनी नंतर ९ कोटी ४० लाखांचा सांगितला. ब्रिटनच्या गंभीर घोटाळे तपास कार्यालयाने २०२३ मध्ये चार जणांवर आरोप ठेवले. त्यांत जॉन्सन नाहीत. दोष कुणाचा हे ठरवणं कोर्टाचं काम, आपण त्यात पडू नये.

लेखापरीक्षकांचं मात्र ठरलं आहे. व्हॅलेरीचे हिशेब तपासणाऱ्या ग्रँट थॉर्नटनला नियामकाने ४० लाख पौंडांचा दंड ठोठावला आणि सवलत देऊन तो २३ लाखांवर आणला. तीन वर्षांच्या तपासणीत धोक्याच्या खुणा समोर असून प्रश्न विचारले नाहीत, असा ठपका. रोख शिल्लक तपासणं हे आमच्या धंद्यातलं पहिलं काम. उमेदवारीच्या पहिल्या वर्षी पोराला बँक जुळवणी पत्रकावर, म्हणजे वहीतली शिल्लक बँकेच्या उताऱ्याशी ताडून बघायला, बसवतात, एवढं ते प्राथमिक. माझ्या व्यवसायबंधूंविषयी मला या प्रकरणात सहानुभूती वाटत नाही.

पण जॉन्सन यांचं काय? ‘ज्याला फसवलं जातं त्याला कळत नाही’ असा त्यांचा बचाव होऊ शकतो आणि तो खोटा नसेल. माझं म्हणणं वेगळं आहे. पिझ्झाएक्सप्रेसपासून त्यांनी जी पद्धत बसवली तिच्यात मालक उद्याची दुकानं मोजतो आणि आजची पावती दुसऱ्याच्या हातात असते. चांगले व्यवस्थापक मिळाले तेव्हा या पद्धतीने त्यांना श्रीमंत केलं. एकाच वेळी अनेक कंपन्या, शिवाय स्तंभ, भाषणं, ब्रायटनचा समुद्रधक्का चालवणाऱ्या कंपनीचं अध्यक्षपद. एवढ्या पसाऱ्यात बँकेचा उतारा मागायला सवड कुणाला? व्हॅलेरीत ३७ टक्के मालकी असलेल्या माणसाने तो मागायला हवा होता. महिन्यातून एक फोन पुरला असता.

ऑगस्ट २०२४ मध्ये पूर्व लंडनच्या वॉल्थमस्टोमध्ये रहिवाशांनी गेल्स बेकरीच्या नव्या शाखेविरुद्ध अर्ज केला. गेल्समध्ये जॉन्सन यांनी २०११ मध्ये पैसा घातला होता. २०२१ मध्ये ती बेन कॅपिटल या अमेरिकी गुंतवणूक संस्थेकडे गेली, पण त्यांचा छोटा हिस्सा राहिला. स्थानिक दुकानं मरतील ही तक्रार होतीच, शिवाय ब्रेक्झिट आणि टाळेबंदीवरची जॉन्सन यांची मतंही लोकांना खुपत होती. वर्तमानपत्रांनी मतांचीच बातमी केली. माणसाच्या मतांसाठी पाव घेऊ नका म्हणणं मला पटत नाही, मी सही केली नसती. मात्र कुणी मला जॉन्सन यांना एकच प्रश्न विचारायची संधी दिली असती तर विचारलं असतं, व्हॅलेरीचं बँक जुळवणी पत्रक दर महिन्याला कुणाच्या टेबलावर जात होतं?