भंगारातला बैल

श्रोतेहो, नमस्कार.

यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावाच्या आखरावर, जिथं पोळ्याचं तोरण बांधतात तिथं, आता एक लोखंडी बैल उभा आहे. गावाच्या भंगारातून गावानंच उभा केलेला. असं काम आपल्याकडच्या कुठल्याही खेड्यात होऊ शकतं आणि ते व्हावं, असं मला मनापासून वाटतं. म्हणून त्याची हकीकत सांगतो.

नांगरणी-पेरणी ट्रॅक्टरवर गेली तसे गोठे रिकामे होत गेले. पण तिफणीचे सरते, वखराच्या पासा म्हणजे लोखंडी पाती, बैलगाडीच्या चाकांच्या लोखंडी धावा लोकांनी विकल्या नाहीत. भंगारवाला आला की भाव विचारायचा, आणि वस्तू परत माळ्यावर टाकायची. 26 जानेवारीच्या ग्रामसभेत हा विषय निघाला. बैल करायचा हे ठरलं ते बायकांच्या आग्रहानं. पोळ्याला ओवाळायला दारात बैलच येत नाही, ही त्यांची कितीतरी वर्षांची खंत होती.

मिळून आकृती उभी करणं आपल्याला नवं नाही. नागपूरच्या काळ्या-पिवळ्या मारबती, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मिरवणुकीनं नेतात ते पुतळे, शंभराहून जास्त वर्षं निघतात. बांबू आणि कागदाचे बडगे तर मोहल्ल्या-मोहल्ल्यात होतात. पण मारबत जाळायची असते. आमचा बैल उन्हापावसात टिकायला हवा होता, म्हणून सगळ्यात जास्त डोकं पायाभरणीवर लावावं लागलं. आपली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. चार पायांना चार वेगळे खड्डे केले असते तर दोन पावसाळ्यांत बैलाचे पाय फाकले असते. गावातल्या गवंड्यानं काळी माती पार काढायला लावली, मुरूम भरून ठोकला आणि त्यावर एकच सलग काँक्रीट घातलं.

बरगड्या झाल्या गाडीच्या धावांच्या. वशिंडाला उपडं घमेलं, डोळ्यांना ट्रॅक्टरचे जुने बेअरिंग. गळ्याखाली लोंबणारी पोळी ठिबकच्या टाकाऊ नळ्या उभ्या चिरून केली. त्या काळ्या नळ्या उन्हाला दाद देत नाहीत, म्हणून तिथं साड्यांच्या चिंध्या न वापरता त्याच घेतल्या. जस्ताचा मुलामा असलेला पत्रा मात्र वेल्डरनं बाजूला ठेवला. तो तापला की पांढरा धूर निघतो आणि छातीत गेला तर ताप भरतो.

एका गोष्टीवर आम्ही ठाम राहिलो. औषधाचा, म्हणजे कीटकनाशकाचा, एकही डबा किंवा जुना फवारणी पंप घेतला नाही. पोरं उत्साहानं पोतंभर डबे घेऊन आली होती. पण 2017 साली याच जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर दगावले. ज्या बैलावर लेकरं चढणार, त्यात ते डबे कितीही धुतले तरी नकोत. तुम्हीही घेऊ नका.

टाकाऊतून शिल्प म्हटलं की चंदीगडचे नेकचंद आठवतात. बांधकाम खात्यातल्या या रस्ते निरीक्षकानं 1957 पासून लपूनछपून फुटक्या बांगड्या, कपबश्या, फरश्या गोळा करून अख्खं रॉक गार्डन उभारलं. 1976 साली ते लोकांना खुलं झालं. माझ्या मनात त्या माणसाबद्दल फार आदर आहे. पण त्यांनी ते बरीच वर्षं एकट्यानं केलं. आमच्याकडे प्रत्येक तुकड्याला मालक होता, आणि आपला तुकडा कुठं लागणार यावर त्याचं म्हणणं होतं. त्यानं काम रेंगाळलं. पण माझ्या मते त्या म्हणण्यातच या कामाचा जीव आहे.

एक म्हातारी काकू पदराखाली वखराची पास घेऊन आल्या. झिजून झिजून जेमतेम दोन बोटं उरलेली, मधे बाक आलेला, एक कोपरा हातानं घासल्यासारखा चकचकीत. वेल्डर म्हणाला, "काकू, हे फार पातळ आहे, जळून जाईल." त्या म्हणाल्या, "मंग जाळू नोको, दुसरं काई कर." त्या पाशीला दोन भोकं पाडून बोल्टनं ती बैलाच्या कपाळावर बसवली. नंतर ज्यांच्या ज्यांच्या वस्तू झिजलेल्या होत्या, त्या सगळ्यांनी बोल्टच मागितले. वेल्डरचं काम वाढलं, पण त्यानं एकालाही नाही म्हटलं नाही.

तुमच्या गावात हे करणार असाल तर देखभालीचं आधीच ठरवा. लोखंड आपल्या पावसात गंजणारच. आमच्या ग्रामसभेच्या ठरावात लिहिलं आहे की दर मे महिन्यात बैल तारेच्या ब्रशनं घासायचा, धारदार कडा तपासायच्या आणि रेड ऑक्साइडचा हात द्यायचा. वॉर्डावॉर्डानं पाळी लावली आहे. यंदा शाळेमागच्या वॉर्डाची पाळी आहे. ब्रश आणि रंगाचे डबे ग्रामपंचायतीत येऊन पडले आहेत.

पोळ्याला कधी आमच्या बाजूला आलात तर आखरावर जरूर थांबा. नमस्कार.