एक्सरेवर न दिसलेली सावली
(नौपाडा, ठाणे इथे पालकांसाठी झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)

ओपीडीत मी एक प्रश्न हमखास विचारते, आईच्या माहेरी लहानपणीच गेलेला कुणी मुलगा आहे का? एकदा आई गप्प बसली आणि मागून आजी म्हणाल्या, "डॉक्टर, माझे दोन भाऊ गेले की, पण ते जुलाबाने." जुलाब म्हणजे निमित्त हो. समोरच्या नातवाच्या एक्सरेत छातीच्या हाडामागे थायमस नावाच्या ग्रंथीची सावली असायला हवी होती, ती नव्हतीच. हा आजार एससीआयडी, म्हणजे बाळाला जन्मतःच प्रतिकारशक्ती जवळजवळ नसणं.

काय होतं बघा, रक्तातल्या सगळ्या पेशी बोनमॅरोत तयार होतात, पण ज्यांना टी पेशी (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) व्हायचंय त्यांना तिथून थायमसमध्ये जाऊन शिकावं लागतं, आणि तिथे त्यांना जगवतो आयएल-७ नावाचा सिग्नल. तो पकडणाऱ्या, पेशीवरच्या रिसेप्टरचा एक भाग आयएल-२, ४, ९, १५ आणि २१ या इतर सिग्नलच्या रिसेप्टरमध्येही असतो. म्हणजे सोसायटीच्या गच्चीवर एकच टॉवर आणि त्यावर ६ कंपन्यांचं नेटवर्क, टॉवर पडला की सगळ्यांचे फोन बंद! हा भाग बनवणारा जीन एक्स क्रोमोसोमवर आहे, म्हणून बायका वाहक आणि आजारी पडतात ते मुलगे. या मुलांत टी नाहीत, एनके (विषाणू शिरलेल्या पेशी मारणाऱ्या) नाहीत, अँटीबॉडी बनवणाऱ्या बी पेशी मोजल्या तर भरतात पण टी पेशींच्या मदतीशिवाय त्या धड अँटीबॉडी करत नाहीत. या प्रकारामागचा हा जीन १९९३ साली सापडला.

दुसऱ्या प्रकारात रॅग नावाचा जीन बिघडला तर या पेशी घडताना डीएनए कापून जोडायचं काम अडतं, टी आणि बी दोन्ही थांबतात, एनके राहतात. बीटीके नावाचा जीन बिघडला तर फक्त बी पेशी बोनमॅरोत अडकतात, आणि आईकडून आलेल्या अँटीबॉडी संपेपर्यंत, साधारण सहा महिने, बाळ छान दिसतं.

आता हे मात्र लिहून घ्या. सीबीसीमध्ये, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीत, नुसते टक्के बघू नका. एकूण पांढऱ्या पेशी ६००० आणि लिम्फोसाइट (म्हणजे टी, बी आणि एनके मिळून) २० टक्के, म्हणजे झाल्या १२००. मोठ्या माणसाच्या रेंजमध्ये हे नॉर्मल, पण तान्ह्या बाळात ३००० च्या खाली आले तर डॉक्टरांना विचाराच, पुढच्या टेस्ट परळला केईएमच्या आवारात आयसीएमआरची संस्था आहे तिथे होतात. बोनमॅरो ट्रान्सप्लांट पहिल्या साडेतीन महिन्यांत, इन्फेक्शन व्हायच्या आधी झालं तर बहुतेक बाळं वाचतात. आणि घरात असा इतिहास असेल तर जन्मल्या जन्मल्या टीबीवरची बीसीजी लस देऊ नका म्हणून आधीच सांगा, त्यात जिवंत जंतू असतात, टी पेशी नसलेल्या बाळात ते अंगभर पसरतात.

त्या आजींच्या मुलीला परत मुलगा झाला तेव्हा आम्ही बीसीजी थांबवली, रक्त तपासलं, टी पेशी भरपूर होत्या! मग लस दिली, आणि दीडेक महिन्यानी आजी बाळाच्या दंडावर आलेला बीसीजीचा फोड मला दाखवायला मुद्दाम कळव्याहून आल्या.