शर्यत पाहावी ती वळणावरून

साताऱ्यावरून जाणारा महामार्ग एका बाजूला दिल्लीपर्यंत आणि दुसऱ्या बाजूला चेन्नईपर्यंत जातो. आज त्याचा क्रमांक ४८ आहे. आमच्या पिढीच्या तोंडी मात्र तो अजूनही चार नंबरचा हायवेच आहे. कराड, कोल्हापूर, बेळगाव, हुबळी, बंगळूर अशी गावे मागे टाकत हा रस्ता हजार किलोमीटरांहून अधिक अंतर कापतो आणि चेन्नईच्या अलीकडे, श्रीपेरुंबुदूरजवळच्या इरुंगट्टुकोट्टै या गावाशी पोहोचतो. मोटरसायकलींच्या शर्यतींसाठी बांधलेला ट्रॅक तेथे आहे. माझ्या आयुष्यातील आनंदाचा मोठा वाटा मी त्या ट्रॅकच्या कुंपणाशी उभे राहून मिळवला आहे.

हा ट्रॅक १९९० मध्ये सुरू झाला. त्यापूर्वी शर्यती होत त्या मद्रासच्या उत्तरेला, शोलावरम येथे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील विमानांची धावपट्टी तेथे पडून होती आणि १९५०च्या दशकापासून मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लब त्या धावपट्टीवर शर्यती भरवत असे. १९८०च्या दशकात आम्ही साताऱ्याहून मिरजेला, तेथून मीटरगेजच्या गाडीने बंगळूरला आणि तेथे पुन्हा गाडी बदलून मद्रासला जात असू. पोवई नाक्याच्या परिसरातील एका गॅरेजमध्ये संध्याकाळी जमणाऱ्या आम्हा मुलांना येझदीचा आणि बुलेटचा आवाज लांबूनही वेगळा ओळखता येई. परंतु शेजारीशेजारी उभ्या असलेल्या अनेक गाड्या एकाच क्षणी पूर्ण ताकदीने सुटतात तेव्हा काय होते, हे शोलावरमला जाईपर्यंत आमच्यापैकी कोणालाही ठाऊक नव्हते. जमीन सपाट होती, सावली जवळजवळ नव्हती, आणि दूरच्या टोकाला उन्हाच्या झळांमध्ये गाड्या दिसेनाशा होऊन पुन्हा प्रकट होत.

आमच्या जिल्ह्याला शर्यत नवी नाही. पुसेगावला सेवागिरी महाराजांच्या यात्रेत बैलगाड्या सुटतात तेव्हा जाणकार माणूस शेवटच्या रेषेजवळची जागा धरतो, कारण निकाल तेथेच लागतो. मोटरसायकलच्या शर्यतीत मात्र निकाल रेषेवर केवळ नोंदवला जातो. तो लागलेला असतो त्याआधीच्या वळणांवर. म्हणून मी नेहमी लांब सरळ रस्ता जेथे संपतो आणि स्वार ब्रेक लावतो, तेथे उभा राहतो. त्या जागेवरून संपूर्ण शर्यत दिसत नाही, ही गोष्ट खरी आहे. गाड्या काही सेकंद दिसतात आणि मग पुढच्या फेरीपर्यंत वाट पाहावी लागते. तरीही त्या काही सेकंदांत पुढचा फोर्क, म्हणजे पुढचे चाक धरणारी स्प्रिंगची जोडी, दबतो, मागचे चाक हलके होऊन कधी जमिनीपासून सुटते, स्वार सीटवरून आतल्या बाजूला सरकतो, गुडघा डांबराला टेकतो, आणि या सगळ्यात त्याने ब्रेक नेमका कोठे सोडला, यावर पुढच्या सरळ रस्त्यावरचा त्याचा वेग ठरतो. वळणात बाहेरून आत आणि आतून पुन्हा बाहेर जाणारी त्याची रेषा फेरीमागून फेरी तशीच राहिली, तर तो माणूस पुढे जाणार, हे मला तेथूनच कळते.

डोळ्यांपेक्षा कान अधिक सांगतात, असे माझे अनुभवाचे मत आहे. टू-स्ट्रोक इंजिनात क्रँकच्या, म्हणजे इंजिनातील फिरत्या दांड्याच्या, प्रत्येक फेऱ्याला स्फोट होतो, फोर-स्ट्रोकमध्ये दोन फेऱ्यांना एक; त्यामुळे टू-स्ट्रोकचा आवाज चढा आणि सलग असतो. शर्यतीसाठी तयार केलेल्या टू-स्ट्रोकची ताकद इंजिनाच्या फिरण्याच्या एका अरुंद पट्ट्यातच जागी होते, आणि गाडी त्या पट्ट्याखाली उतरली की आवाज बसतो व स्वार मागे पडतो. राजदूत ३५०, आरएक्स १००, येझदी यांच्या त्या दिवसांत वळणापलीकडे दिसेनाशी झालेली गाडी कोणत्या गिअरमध्ये आहे, हे आम्ही ऐकून सांगत असू. पेट्रोलबरोबर जळणाऱ्या टू-टी ऑइलचा, म्हणजे टू-स्ट्रोकच्या वंगणाचा, वास कपड्यांना लागत असे आणि परतीच्या प्रवासात तो सोबत येत असे. पुढे प्रदूषणाचे नियम कडक झाले आणि त्या गाड्या गेल्या. जागतिक स्पर्धेतही २००२ पासून ५०० सीसी टू-स्ट्रोकची जागा ९९० सीसी फोर-स्ट्रोकनी घेतली. बदल योग्य होता, असे मी मानतो. तो आवाज मात्र मला आजही हवा असतो.

इरुंगट्टुकोट्टैचा ट्रॅक सुमारे ३.७ किलोमीटरचा असून त्यावर १२ वळणे आहेत. तेथे राष्ट्रीय स्पर्धेत १६५ सीसीसारख्या लहान गटांच्या शर्यती होतात आणि माझ्या दृष्टीने सर्वांत चुरस त्यांतच असते. लहान इंजिनाने गमावलेला वेग लवकर परत मिळत नाही, म्हणून स्वाराला वळणातही वेग जपावा लागतो. सरळ रस्त्यावर पुढच्या गाडीच्या पाठीशी चिकटून, तिने कापलेल्या हवेचा फायदा घेत, शेवटच्या क्षणी बाजूला निघावे लागते. त्यामुळे चार-पाच जण अखेरच्या फेरीपर्यंत एकमेकांपासून सुटत नाहीत.

येथे एक गोष्ट स्पष्ट बोलणे मला आवश्यक वाटते. रविवारी सकाळी यवतेश्वरच्या किंवा पसरणीच्या घाटात मुले गाड्या पळवतात आणि त्याला रेसिंग म्हणतात. ट्रॅकवर प्रत्येक वळणाच्या बाहेर घसरत जायला मोकळी जागा असते, धोक्याचा पिवळा झेंडा दाखवणारे मार्शल असतात, रुग्णवाहिका तयार असते आणि समोरून कोणीही येत नाही. घाटात दरी असते, एसटी असते आणि ऊस भरलेला ट्रॅक्टर असतो. आयल ऑफ मॅन या बेटावर सार्वजनिक रस्त्यांवर शर्यत होते, असे ही मुले मला सांगतात. ते खरे आहे. १९११ पासून डोंगरी रस्त्यावर ती होते आणि एक फेरी ६०.७ किलोमीटरची असते. परंतु त्यासाठी रस्ते कायद्याने बंद केले जातात, स्वारांना दहा-दहा सेकंदांच्या अंतराने एकेक करून सोडतात, आणि एवढे करूनही त्या रस्त्याने आजवर अडीचशेहून अधिक स्वारांचे प्राण घेतले आहेत. घाटात गाडी पळवणाऱ्या मुलाच्या आवडीवर माझा राग नाही. ती आवड मला होती आणि आहे. म्हणूनच त्याने ट्रॅकवर जावे, असे मी त्याला पुन्हा पुन्हा सांगतो.

सप्टेंबर २०२३ मध्ये मोटोजीपी या मोटरसायकलींच्या जागतिक स्पर्धेतील शर्यत प्रथमच भारतात, ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर झाली, आणि या वेळी मी त्याच महामार्गाने उत्तरेला गेलो. उकाडा एवढा होता की मुख्य शर्यत २४ फेऱ्यांवरून २१ फेऱ्यांवर आणली गेली. मार्को बेझेक्की जिंकला, होर्हे मार्टिन दुसरा आला आणि शर्यतीनंतर उष्णतेमुळे त्याच्यावर उपचार करावे लागले. फाबिओ क्वार्तारारो तिसरा आला. चेन्नईचा कादाई यासीन अहमद मोटो३ या लहान इंजिनांच्या गटात वाइल्ड कार्डवर, म्हणजे त्या एका शर्यतीपुरत्या खास प्रवेशावर, उतरला होता. शोलावरमच्या धावपट्टीवर उभे राहून शर्यती पाहिलेल्या माणसाला, त्या रांगेत आपल्या देशाचा स्वार पाहताना काय वाटले असेल, हे मला शब्दांत नीट सांगता येणार नाही. बेझेक्की मात्र आठवतो तो त्याच्या ब्रेकमुळे. घामाने निथळणाऱ्या त्या दुपारी तो प्रत्येक फेरीत जणू एकाच खुणेपाशी ब्रेक धरत होता.

२०२४ मध्ये मोटोजीपीची शर्यत भारतात झाली नाही. राष्ट्रीय स्पर्धेच्या शर्यती चेन्नईला आणि कोइमतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर होत असतात. कारीचा ट्रॅक जेमतेम २.१ किलोमीटरचा असल्यामुळे गाड्या लवकर परत येतात आणि नव्या प्रेक्षकाला तो अधिक सोपा जातो. साताऱ्याहून कोणी जाणार असेल, तर त्याने मुख्य शर्यतीच्या आदल्या दिवशीच पोहोचावे, सराव पाहताना दोन-तीन वळणे पायी फिरून तपासावीत आणि ज्या वळणावर स्वारांच्या रेषा एकमेकींपासून सर्वांत वेगळ्या दिसतात, तेथे दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर जाऊन जागा धरावी. टोपी आणि पाणी सोबत असावे.