गल्ला कुणाच्या नावावर?

मित्रहो, अमेरिकेत एखादी मोठी बॉक्सिंगची लढत घरी बसून बघायची, तर केबलचं महिन्याचं बिल भरलेलं असूनही त्या एका रात्रीचे वेगळे पैसे मोजावे लागतात. यालाच पे-पर-व्ह्यू म्हणतात. जितक्या घरांनी पैसे भरले तितके ‘बाय’, आणि कोणता बॉक्सर किती मोठा हे तिथल्या बाजारात या आकड्यावरून ठरतं. आपल्याकडे ही पद्धत रुजली नाही. ऑगस्ट २०१७ मध्ये विजेंदर सिंग मुंबईत वरळीच्या एनएससीआय डोममध्ये लढला, ती लढत आपण नेहमीच्या क्रीडावाहिनीवर पाहिली. त्यामुळे एका लढतीसाठी घरबसल्या सहा हजारांवर रुपये मोजायचे, ही गोष्ट आपल्या गळी सहजी उतरत नाही. पण २ मे २०१५ च्या रात्री अमेरिकेतल्या सुमारे ४६ लाख घरांनी ते मोजले.

त्या रात्रीपासूनच सुरुवात करू. गाव लास व्हेगास, हॉल एमजीएम ग्रँड. एका बाजूला फ्लॉइड मेवेदर, दुसऱ्या बाजूला मॅनी पॅकियाओ. एचडी प्रक्षेपणाचा दर ९९ डॉलर ९५ सेंट. मेवेदर शोटाइमशी करारबद्ध, पॅकियाओ एचबीओकडे. या दोन वाहिन्या एकमेकींच्या कट्टर स्पर्धक, तरी त्या रात्री दोघींनी मिळून प्रक्षेपण केलं, कारण समोर पैसाच तेवढा होता. टीव्हीवरची कमाई ४० कोटी डॉलरच्या वर गेली. नुसत्या तिकिटांचा गल्ला सात कोटी डॉलरच्या पुढे. आणि मुख्य लढतीची वेळ झाली तरी घंटा काही वाजेना. शेवटच्या तासाभरात ऑर्डरींचा असा लोंढा आला की केबल कंपन्यांच्या यंत्रणाच तुंबल्या. दोघे बॉक्सर तयार, हॉल खच्चून भरलेला, आणि सगळे थांबलेत कशासाठी, तर दूर कुठल्यातरी गावात एका माणसाच्या सेट-टॉप बॉक्सवर अजून चित्र आलेलं नाही म्हणून. या धंद्यात खरा मालक कोण, हे मला त्या खोळंब्याइतकं स्पष्ट दुसरीकडे कुठे दिसलेलं नाही.

लढत मात्र थंड झाली. बारा फेऱ्या, मेवेदर गुणांवर विजयी. लढत संपल्यावर पॅकियाओचा उजवा खांदा सरावातच दुखावला होता हे बाहेर आलं. चिडलेल्या प्रेक्षकांनी कोर्टात दावे ठोकले. २०१९ साली अपील कोर्टानं ते निकाली काढले. लढत बघायचा हक्क तुम्ही विकत घेतला होता, तो तुम्हाला मिळाला, असा त्या निकालाचा मतलब. लढत रंगेलच याची हमी कुणी दिली नव्हती.

मग ४६ लाख घरांनी नेमकं विकत काय घेतलं? माझं म्हणणं असं आहे की त्यांनी एका प्रश्नाचं उत्तर विकत घेतलं. या दोघांत सरस कोण, हा प्रश्न पाच वर्षं लोंबकळत होता. उत्तेजकं शोधण्यासाठी रक्ताच्या चाचण्या कशा घ्यायच्या यावरून बोलणी फिसकटली होती, आणि प्रत्येक फिसकटण्यानं उत्सुकता वाढत गेली. पण नुसता प्रश्न पुरत नाही. तो ज्यांच्याबद्दल आहे ती दोन नावं आधी घराघरांत पोचलेली असावी लागतात. आणि ती पोचतात ती लोकांनी जादा पैसे न भरता पाहिलेल्या लढतींतून. मला आज एवढंच सांगायचं आहे. बाकी सगळं त्याचंच विवरण.

जुनी उदाहरणं घ्या. ८ मार्च १९७१. न्यूयॉर्कचं मॅडिसन स्क्वेअर गार्डन, मोहम्मद अली आणि जो फ्रेझियर. दोघंही अपराजित, दोघांना प्रत्येकी २५ लाख डॉलर. तेव्हा घरी पैसे भरून बघायची सोय नव्हती. थिएटरांत आणि मोठ्या हॉलमध्ये क्लोज्ड सर्किटवर तिकीट लावून लढत दाखवली. लोक रांगा लावून आले, कारण रोम ऑलिंपिकपासून, म्हणजे १९६० पासून, अलीला त्यांनी बघितलेलं होतं, ऐकलेलं होतं. व्हिएतनामला जायला नकार दिल्यावर त्याचं विजेतेपद गेलं, तीन वर्षांहून अधिक काळ त्याला रिंगणाबाहेर बसावं लागलं, तेही घराघरांत चर्चेत होतं. शुगर रे लेनर्डचं तसंच. १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकमध्ये सुवर्ण, नंतरची पहिली व्यावसायिक लढतसुद्धा सीबीएस या मोफत वाहिनीवर. ऑस्कर डे ला होया १९९२ च्या बार्सिलोनात सुवर्ण जिंकणारा अमेरिकेचा एकमेव बॉक्सर, पूर्व लॉस एंजेलिसच्या मेक्सिकन वस्तीतला पोरगा. गल्ला पुढे आला. आधी चेहरा पोचला.

माईक टायसनबद्दल जरा थांबून बोलायला हवं, कारण ताऱ्याची ओढ काय असते ते त्याच्याइतकं नागडं कुणी दाखवलं नाही. ऐंशीच्या दशकात त्याच्या धडाधड नॉकआऊट झालेल्या लढती नेहमीच्या वाहिन्यांवर दिसत. नंतर तुरुंगवास. सुटून आल्यावर ऑगस्ट १९९५ मध्ये त्याच्यासमोर उभा केला पीटर मॅकनीली, जो जिंकेल असं कुणालाच वाटत नव्हतं. लढत ८९ सेकंद चालली. मॅकनीलीचा मॅनेजरच दोऱ्या ओलांडून आत शिरला आणि प्रकरण संपलं. त्यासाठी पंधरा लाखांहून अधिक घरांनी पैसे भरले होते! समोर कोण आहे याला काडीचीही किंमत नव्हती. दोन वर्षांनी होलीफील्डविरुद्धची दुसरी लढत, टायसननं कान चावल्याची ती कुप्रसिद्ध रात्र, तिला वीस लाखांच्या जवळ घरं मिळाली, आणि तो उच्चांक दहा वर्षं टिकला.

तो मोडला ५ मे २००७ रोजी, डे ला होया विरुद्ध मेवेदर या लढतीनं. सुमारे चोवीस लाख घरं. इथे एक गोष्ट बारकाईनं बघा. मेवेदर १९९८ पासून विश्वविजेता होता, बचावाचा त्याच्यासारखा उस्ताद त्या पिढीत नव्हता, तरी त्याच्या नावावर गल्ला जमत नव्हता. २००५ मध्ये आर्तुरो गॅटीविरुद्ध तो पहिल्यांदा पे-पर-व्ह्यूवर मुख्य लढतीत आला तेव्हाही अटलांटिक सिटीतली गर्दी गॅटीची होती. पुढच्या वर्षी त्यानं साडेसात लाख डॉलर भरून टॉप रँक या प्रमोटर, म्हणजे लढती भरवणाऱ्या, कंपनीच्या करारातून स्वतःची सुटका करून घेतली. आणि मग डे ला होयासमोर तो कसा आला? डोक्यावर मेक्सिकन सोम्ब्रेरो, चड्डी मेक्सिकोच्या झेंड्याच्या रंगांची. तारीख मेक्सिकन लोकांच्या सणाची, समोरचा त्यांचा लाडका, आणि हा मुद्दाम डिवचत येतोय. त्याआधीचे काही आठवडे एचबीओनं ‘२४/७’ नावाची चार भागांची मालिका दाखवली. सराव, घर, भांडणं, गाड्या, नोटांच्या थप्प्या. तिला जादा पैसे नव्हते. एचबीओ घरी आहे त्या प्रत्येकाला ती दिसत होती. गोड चेहऱ्याचा ‘प्रिटी बॉय’ हे त्याचं जुनं टोपणनाव गेलं आणि ‘मनी’ आलं. निम्मे लोक त्याला हरताना बघायला पैसे भरू लागले. तो हरला नाही, म्हणून पुढच्या वेळी पुन्हा भरले. ही युक्ती त्यानं ५० लढती अपराजित राहून चालवली. त्यातली पन्नासावी तर मिश्र मार्शल आर्ट्सच्या कॉनर मॅकग्रेगरशी, ज्यानं व्यावसायिक बॉक्सिंगची एकही लढत खेळलेली नव्हती. ४३ लाख घरं. मला मेवेदरचा खांद्यामागे हनुवटी लपवून फटका निसटवण्याचा तो सराईतपणा मनापासून आवडतो, आणि त्या कलेपेक्षा नोटांच्या थप्प्या जास्त विकल्या गेल्या याचं वाईटही वाटतं.

पॅकियाओची गोष्ट याहून बोलकी आहे. २३ जून २००१, पुन्हा एमजीएम ग्रँड. मुख्य लढत डे ला होयाची. आधीच्या लढतींपैकी एकीतला बॉक्सर गळाला, म्हणून जेमतेम दोन आठवड्यांच्या सूचनेवर फिलिपिन्सचा एक अनोळखी डावखुरा पोरगा बोलावला. त्यानं दक्षिण आफ्रिकेचा विजेता लेडवाबा याला सहाव्या फेरीत संपवला. लोक आले होते डे ला होयासाठी, घरी गेले पॅकियाओचं नाव घेऊन. डिसेंबर २००८ मध्ये त्याच पोरानं डे ला होयाला आठ फेऱ्या असं झोडपलं की नवव्या फेरीला तो स्टुलावरून उठलाच नाही. डे ला होयाची ती शेवटची लढत ठरली, आणि गल्ल्याची गादी पुढच्या माणसाकडे गेली. अंडरकार्ड, म्हणजे मुख्य लढतीआधीच्या लढती, हे काम करत असत.

आता आकड्यांबद्दल एक सावधगिरीची सूचना. लास व्हेगास ज्या राज्यात आहे त्या नेवाडात तिकिटांचा गल्ला राज्याच्या क्रीडा आयोगाला कळवावा लागतो, त्यामुळे तो आकडा पक्का असतो. ‘बाय’चा आकडा मात्र प्रमोटर आणि वाहिनी सांगतील तो. लढत गाजली की दुसऱ्याच आठवड्यात जाहीर होतो. आपटली की कुणीच बोलत नाही. त्या पैशातला साधारण निम्मा वाटा केबल आणि सॅटेलाईट कंपन्या नेत, उरलेल्यातून प्रमोटर आणि बॉक्सर. अमेरिकेत २००० साली मोहम्मद अली यांच्या नावानं कायदा झाला, त्यात प्रमोटरनं लढतीची मिळकत आपल्या बॉक्सरला सांगितलीच पाहिजे असं कलम आहे. असा कायदा करावा लागला यातच काय ते आलं.

आणि याच पैशानं पुढे घात केला. एकेकाळी अमेरिकेत शनिवार-रविवारी दुपारी मोफत वाहिन्यांवर बॉक्सिंग असे. नोव्हेंबर १९८२ मध्ये सीबीएसवर दिसलेल्या लढतीनंतर कोरियाचा डुक-कू किम मेंदूच्या दुखापतीनं दगावला, आणि त्यानंतर या वाहिन्या हळूहळू मागे सरल्या. मोठी नावं सशुल्क केबलवर गेली, तिथून पे-पर-व्ह्यूवर. दर लढतीमागे काही कोटी डॉलर सुटतायत म्हटल्यावर मधल्या दर्जाच्या लढतीही तिथेच जाऊन बसल्या. शेतकऱ्यानं पेरणीसाठी राखलेलं बियाणंच दळून खावं तसं झालं. अंडरकार्डवर खर्च कमी, दर चढे, बघणारे तेच ते, आणि मोबाईलवरून चोरून प्रक्षेपण दाखवणारे वाढलेले.

टेरेन्स क्रॉफर्डवर त्याचा परिणाम बघा. नेब्रास्का राज्यातल्या ओमाहाचा बॉक्सर. २०१४ मध्ये त्याच्या गावी, नेहमीच्या एचबीओवर, गॅम्बोआविरुद्ध तो असा लढला की हॉलमधल्या दहा हजार लोकांनी छत डोक्यावर घेतलं. तारा घडत होता. दोन वर्षांनी, जुलै २०१६ मध्ये, त्याला पोस्टोलविरुद्ध पे-पर-व्ह्यूवर नेलं. बाय लाखाच्या आसपाससुद्धा पोचले नाहीत. त्या पिढीतला सर्वांत पूर्ण बॉक्सर, आणि तो लोकांना दिसतच नव्हता. माझ्या मते त्याची ऐन उमेदीची काही वर्षं या भिंतीआड वाया गेली, आणि याबद्दल मला अजून राग येतो.

२०१८ च्या अखेरीस एचबीओनं बॉक्सिंग सोडलं. त्याच सुमारास डॅझोन ही स्ट्रीमिंग कंपनी पे-पर-व्ह्यूचा काळ संपला असं सांगत आली. मेक्सिकोचा बॉक्सर कॅनेलो अल्वारेझ याच्याशी तिनं ३६ कोटी ५० लाख डॉलरचा करार केला. २०२२ मध्ये त्याच कॅनेलोची बिवोलविरुद्धची लढत त्याच डॅझोननं अमेरिकेत पे-पर-व्ह्यूवर विकली. २०२३ च्या शेवटी शोटाइमनंही बॉक्सिंगमधून गाशा गुंडाळला. पण त्याच वर्षी एप्रिलमध्ये जर्व्हॉन्टा डेव्हिस आणि रायन गार्सिया यांची लढत सुमारे बारा लाख घरांनी विकत घेतली. गार्सियाला इन्स्टाग्रामवर लाखो पोरं रोज बघत होती, हे मी विसरू शकत नाही. फुकट दिसण्याची जागा टीव्हीवरून फोनवर गेली होती. यूट्यूबवर गाजलेला जेक पॉल तर तिथूनच बॉक्सिंगमध्ये आला.

नोव्हेंबर २०२४ मध्ये नेटफ्लिक्सनं पॉल आणि ५८ वर्षांच्या टायसनची लढत जादा पैसे न घेता दाखवली. सहा कोटी घरांनी पाहिली असं कंपनीनं सांगितलं. मुख्य लढत पाहवत नव्हती. वयस्क टायसनला तसं बघणं मला जड गेलं. पण त्याआधी केटी टेलर आणि अमांडा सेरानो दहा फेऱ्या लढल्या, सेरानोच्या भुवईतून रक्त वाहत होतं, आणि ते जगभरच्या लोकांनी पाहिलं. बायकांच्या बॉक्सिंगला इतका मोठा प्रेक्षक तोवर मिळाला नव्हता. जून २००१ मध्ये पॅकियाओला जे मिळालं, तेच. मग १३ सप्टेंबर २०२५ ला क्रॉफर्ड दोन वजनी गट वर चढून कॅनेलोविरुद्ध उतरला, नेटफ्लिक्सवरच, आणि गुणांवर स्वच्छ जिंकला. बघणाऱ्यांचा जाहीर झालेला आकडा चार कोटींच्या वर. तोवर तो ३८ वर्षांचा होऊ घातला होता.

म्हणून सगळं ठीक झालं असं नाही. मिश्र मार्शल आर्ट्सच्या लढती भरवणाऱ्या यूएफसीनंही २०२६ पासून पॅरामाउंट या माध्यम कंपनीशी सात वर्षांचा करार करून अमेरिकेत पे-पर-व्ह्यू सोडलं आहे, तेव्हा वारा कुठे वाहतोय ते दिसतंच आहे. बायमागे वाटा मिळत होता तेव्हा मेवेदरसारखा माणूस टेबलावर बसून म्हणू शकत होता, इतकी घरं माझ्या नावावर आली, माझा हिस्सा टाका. पॅकियाओशी त्यानं साठ-चाळीसची वाटणी याच जोरावर घेतली. स्ट्रीमिंगमध्ये बॉक्सरला ठरलेली रक्कम मिळते आणि कुणी किती वेळ बघितलं ती माहिती कंपनीकडे राहते. तेव्हा बॉक्सरांनी आणि त्यांच्या वकिलांनी आता मागायची गोष्ट एकच आहे: अली कायद्यानं प्रमोटरकडून मिळकत सांगून घ्यायचा हक्क दिला, तसाच प्रेक्षकांचा खरा आकडा बघायचा हक्क करारात लिहून घेणं, आणि तोही मुख्य लढतीपुरता नाही, तर अंडरकार्डवरच्या पहिल्या लढतीपासून.